कौशिलाचं चलान

ॲक्रन, ओहायो
१६ फेब्रुवारी २०१४

पूज्य छविलाल दाजू,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. भाउजू-वहिनींना नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. तुम्ही दोघं तिकडे बेल्डाँगीच्या निर्वासित छावणीत बरे असाल असं धरून चालते, कारण तुमच्याकडून काही कळायला मार्ग नाही. फोन केला की भाउजू उचलतात, "दाजू बाहेर गेलेत" म्हणतात, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. तेवढ्यावर मी समाधान मानते. पण खोकल्याशी किती दिवस बोलायचं? म्हणून पत्र लिहायला बसले. कान्छीचं, सख्ख्या धाकट्या बहिणीचं पत्र तुम्ही न वाचता ठेवून देणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

इथे बर्फ इतका पडलाय की दारापुढची पायरी सापडत नाही. तुमचे मेहुणे टीकाराम सकाळी फावडं घेऊन बाहेर जातात, थोडं खणतात आणि कंबर धरून आत येतात. मग दिवसभर त्या पराक्रमाच्या गोष्टी. खिडकीत बादल्या मांडून त्यांनी रायोची भाजी लावलीय. पानं बोटाएवढी झाली की लगेच खुडतात, वाढू देत नाहीत. मी म्हटलं, "अहो, जरा मोठी तरी होऊ द्या." तर म्हणतात, "आपल्या गावची, चिराङची भाजी आहे, थंडीत हाल होतील तिचे." बियाणं इथल्याच दुकानातलं आहे, दाजू.

मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात अजून जाते. आणि आता गाडी चालवते. हसू नका. तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. टीकारामांनी परीक्षा दिलेलीच नाही, पण शेजारी बसून मला शिकवतात मात्र तेच. "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडणं म्हणजे शिकवणं असेल, तर त्यांच्यासारखा गुरू नाही.

तर त्या गाडीचीच एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहान आहे, पण मला तुमचा सल्ला हवाय.

तिहारच्या सणाला आम्ही दोघं दम्बर काकांकडे निघालो होतो. दम्बर काका म्हणजे आमच्याच गल्लीतले, छावणीतल्या तिसऱ्या सेक्टरमध्ये ज्यांची शिलाईची मशीन होती ते. आमच्या ह्यांच्या मांडीवर सेलरोटीचा डबा. आमच्या कोपऱ्यावर एक लाल पाटी आहे. तिथे गाडी पूर्ण थांबवायची, मग पुढे जायचं. त्या दिवशी पाऊस होता, काच धूसर झाली होती. मी थांबले, पण पूर्ण थांबले नाही. मागे निळे दिवे लागले.

पोलीस आला. तरुण मुलगा, नाकाचा शेंडा थंडीने लाल. तो म्हणाला, "हात दिसतील असे ठेवा." आमच्या ह्यांना त्यातला हात तेवढा कळला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि जोडले. डबा मांडीवर, वर नमस्कार, डोळे मिटलेले. पोलिसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, ती पाटी दिसली नाही का?"

"दिसली."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबले होते. थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

मी बोटांनी दाखवलं, चिमूटभर. तो तोंड फिरवून हसला असावा, कारण त्याचे खांदे हलले. पण चलान फाडलंच. मी त्याच आठवड्यात दंड भरून टाकला. मला वाटलं, संपलं.

आता मुद्द्याचं. इथे येऊन पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आमची झाली. (तुम्ही कपाळाला आठ्या घालाल हे मला माहीत आहे. तरी पुढे वाचा.) त्या अर्जात एक प्रश्न असा आहे: पोलिसांनी तुम्हाला कधी पकडलं आहे का, अडवलं आहे का, चलान दिलं आहे का? हो किंवा नाही.

दम्बर काका म्हणतात, "नाही लिही. दंड भरलास ना? मग मिटलं. कशाला झोपलेल्या वाघाच्या कानात काडी घालतेस? मी नाही पास झालो?" त्यांना गाडी येत नाही, त्यांना कसलं चलान मिळणार? पण गल्लीत नागरिक झालेले ते पहिले, त्यामुळे आता सगळ्यांचे वकील तेच.

आमच्या नागरिकत्वाच्या वर्गात शिकवायला जुडिथ म्हणून एक निवृत्त मास्तरीण येतात. चहात साखर किती घालतो यावरूनसुद्धा आम्हाला रागावतात. त्यांना विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कौशिला, पाटीपाशी न थांबल्याबद्दल कोणी तुला नागरिकत्व नाकारणार नाही. लपवलंस तर मात्र ते विचारतील, एवढंसं का लपवलं? मग काय सांगशील?"

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." लग्नाच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणाले. यावरून ते किती घाबरलेत ते ओळखा.

रात्रीच्या भातावरसुद्धा माझं लक्ष नसतं. सरकारी माणसापुढे खरं बोलल्यावर आपल्या घरात काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती गोष्ट मी इथे काढत नाही.

दाजू, बा आता नाहीत. घरातलं मोठं माणूस तुम्हीच. तुम्ही सांगा, हो लिहू की नाही लिहू?

उत्तराची वाट बघते.

तुमची कान्छी,
कौशिला

---

बेल्डाँगी
चैत २०७० (विक्रम संवत)

कान्छी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. भाउजूने दोनदा वाचून घेतलं. टीकारामने हात जोडले त्या ठिकाणी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नाही. गाडी चालवताना तुझं लक्ष कुठे होतं? पावसात लोक गाड्या चालवत नाहीत का? काही बरंवाईट झालं असतं तर आम्हाला इथे कोणी कळवलं असतं?

माझा खोकला बरा आहे. फोनवर मी असतो, हे तुला कळतं हे मला माहीत नव्हतं.

इथे अर्धी छावणी रिकामी झाली. आमच्या रांगेत उरलेत मी, पहलमान आणि दोन बकऱ्या. संध्याकाळी पहलमान येतो, आम्ही पत्ते खेळतो. तो फसवतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही लिही.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. शाळेच्या व्हरांड्यात संत्र्यांच्या करंड्यांवर बसून पाय हलवत होतीस. तुला काय आठवणार? मी बांच्या पाठीशी उभा होतो. जनगणनेचा माणूस टेबलाशी बसला होता. बांनी त्याने मागितलेली अठ्ठावन्न सालची जमिनीच्या कराची पावती पुढे ठेवली. आपल्याकडे ती होती, अनेकांकडे नव्हती. त्याने ती उलटसुलट बघितली, बरोबर आहे म्हणाला. मग विचारलं, "बायको कुठली?"

आदल्या रात्री मी बांना किती पढवलं होतं. म्हणा, शेजारच्याच गावची. साक्षीला माणूससुद्धा तयार ठेवला होता. आणि बा काय म्हणाले? "कालिम्पोङची, साहेब. सरहद्दीपलीकडून लग्न करून आणली." ताठ मानेने. जणू काही बक्षीस मिळणार होतं.

झालं. बा एका यादीत, आमा आणि आपण दुसऱ्या यादीत. परक्या बाईची परकी मुलं. बाग गेली, घर गेलं, चार गुरं गेली. मी बांना विचारलं होतं, का सांगितलंत? म्हणाले, "त्याने विचारलं म्हणून." हे काय उत्तर झालं? मेले तोपर्यंत मला दुसरं उत्तर दिलं नाही.

म्हणून सांगतो. खरं घरात बोलावं. टेबलामागे बसलेल्या माणसाच्या हाती आपल्याला कापता येईल असं काही देऊ नये.

आणि ते नागरिक होण्याचं. तू निघालीस त्या दिवशी बसपाशी मी जे बोललो ते बोललो. आपण चिराङला परत जाणार, म्हणून मी इथे बसलोय. तू दुसऱ्या कुठल्या राजाच्या नावाने शपथ घेतलीस तर माझ्या बाजूने उभं राहायला कोण उरलं? बाकी तुझं तू बघ. माझ्या परवानगीने तू विमानात बसली नव्हतीस.

गुडघे सांभाळ. चादरींचं ओझं उचलताना वाकू नकोस, बसून उचल.

छविलाल

---

ॲक्रन
१० ऑगस्ट २०१४

पूज्य दाजू,

पायांवर डोकं ठेवते. तुमचं पत्र हातात आलं तेव्हा मी कारखान्याच्या दारात होते. घरी जाईपर्यंत धीर धरवला नाही, गाडीतच वाचलं. (गाडी उभी होती. पूर्ण.) तुमचं अक्षर किती वर्षांनी पाहिलं! 'क' ला अजून तसाच मोठा पोटफुगा देता. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर पहलमान पत्त्यांत फसवतो यावर ते म्हणाले, "छावणीत आला तेव्हापासून फसवतोय, दाजूंना आत्ता कळलं?"

उत्तराला उशीर केला. का केला ते सांगते, पण थोडं वळण घेऊन येऊ द्या.

मुलाखतीला क्लीव्हलँडला जावं लागतं. हे बाहेर बाकावर बसले, मला आत बोलावलं. टेबलामागे एक काळ्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. समोर माझी फाइल. टेबल, फाइल, पेन बघितलं आणि मी खुर्चीच्या कडेवरच बसले. आधी त्यांनी देशाबद्दल काही प्रश्न विचारले, एक वाक्य वाचून घेतलं, एक लिहून घेतलं. ते सगळं जुडिथबाईंनी इतकं घोकून घेतलं होतं की झोपेत सांगितलं असतं. मग अर्जातले प्रश्न एकेक करून आले. त्या विचारणार, मी हो किंवा नाही म्हणणार.

तो प्रश्न आला.

"पोलिसांनी कधी अडवलं, चलान दिलं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "इथे लिहिलंय तुम्ही. काय झालं होतं?"

दाजू, पत्रात मी तुम्हाला पाऊस होता म्हणून लिहिलं. पाऊस होताच. पण काच धूसर नव्हती. त्या बाईंना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मी म्हटलं, "आमच्याकडे त्या दिवशी बहीण भावाला टिळा लावते. माझा भाऊ लांब आहे, माझ्याशी बोलत नाही. त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला टिळा लावायला निघाले होते, आणि डोळ्यांत पाणी आलं. पाटी दिसली, पण उशिरा दिसली."

हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, त्यामुळे फार वेळ लागला. त्या थांबून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दंड भरलात?"

"भरला."

"त्यानंतर काही?"

"काही नाही."

"ठीक आहे." आणि लाल पेनाने एक बारीकशी खूण करून त्यांनी पान उलटलं.

एवढंच. दाजू, एवढंच. मी वाट बघत होते की आता पेन थांबेल, आता त्या आत कोणाला तरी बोलावतील, आता मला वेगळ्या रांगेत उभं करतील. त्यांनी पान उलटलं. मला बा दिसले. शाळेच्या व्हरांड्यात, टोपी नीट करून उभे. मला आठवत नाही असं तुम्हाला वाटतं, पण मला आठवतं. मी करंडीवर बसून पाय हलवत होते, आणि बा बोलले तेव्हा पाय हलायचे थांबले, कारण तुमचा चेहरा मी पाहिला होता.

मला रडू फुटलं. असं तसं नाही, हुंदके देऊन. आणि नेमका त्या क्षणी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता: "तुम्ही कधी सराईत दारुड्या होता का?"

मी रडतेय, उत्तर काही देत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. दारू पिता का?"

मी मान हलवते, तर त्यांना हो वाटतंय की नाही, कळेना. आपली मान तशीच हलते ना, कोणालाही काहीही वाटावं अशी! त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, "माझ्या बांनी एकदा खरं सांगितलं होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "ते मी ऐकते. पण आधी दारूचं सांगा."

"नाही पीत."

"छान."

मग खरंच ऐकलं त्यांनी. बाहेर लोक थांबले होते, तरी ऐकलं. शेवटी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि म्हणाल्या, "तुम्ही पास झालात."

बाहेर आले तर हे उठून उभे. माझे डोळे बघून त्यांना वाटलं, गेलं सगळं. लगेच म्हणाले, "जाऊ दे गं, भाजी आहे घरी." मी पास झालेय म्हटल्यावर तिथेच बाकावर बसले आणि उठेचनात.

आता उशीर का केला ते. तुमचं पत्र आलं तोवर माझा अर्ज जाऊन बरेच दिवस झाले होते. खरं सांगायचं तर तुम्हाला पहिलं पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशीच मी तो पाठवला होता. 'हो' लिहून. मला सल्ला नको होता, दाजू. मला तुमचं पत्र हवं होतं. खुशाली विचारली तर तुम्ही कधी उत्तर दिलं नसतं. पण कान्छी चुकतेय, तिला सांगायला हवं, असं वाटलं की तुम्ही गप्प बसूच शकत नाही. लहानपणापासून. म्हणून प्रश्न पाठवला. रागावा, पण पुन्हा पत्रातूनच रागावा.

तुमचं मी ऐकलं नाही, यासाठी भांडायचं असेल तर एक गोष्ट मनात धरून भांडा. पहलमान दाजूने जनगणनेत काय सांगितलं होतं? बायको गावातली, आई गावातली, सात पिढ्या गावातल्या. साक्षीदारसुद्धा उभे केले होते. आणि आज तो कुठे आहे? तुमच्या शेजारच्या झोपडीत, पत्त्यांत फसवत. खरं बोलले तेही निघाले, खोटं बोलले तेही निघाले. ज्यांना आपल्याला काढायचंच होतं त्यांना कालिम्पोङ नसतं मिळालं तर दुसरं काही मिळालं असतं. घर बांच्या शब्दाने गेलं नाही, दाजू. वीस वर्षं तुम्ही ते त्यांच्या माथी मारलंत, आणि त्यांनी निमूट घेतलं, कारण तुमचा राग कुठेतरी ठेवायला त्यांना जागा द्यायची होती, असं मला वाटतं. हे मी तोंडावर बोलले नसते. लांब आहे म्हणून धीटपणा.

आणि आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते.

मागच्या शुक्रवारी मी शपथ घेतली.

बसपाशी तुम्ही म्हणाला होतात, तिथली झालीस तर मला दाजू म्हणू नकोस. म्हणून हे पत्र सुरू करतानाच मी आधी 'पूज्य दाजू' लिहून घेतलं, उगाच नंतर हात अडखळायला नको.

शपथेत एक वाक्य आहे, की आजवर ज्या राजाची, ज्या राज्याची मी प्रजा होते त्याची निष्ठा मी सोडते. सगळे एका सुरात म्हणत होते. तिथे मी थांबले. मला वाटलं, राजाने आपल्याला सोडून किती वर्षं झाली, आता मी काय सोडायचं? मग तुम्ही आठवलात, रिकाम्या रांगेत बसलेले. मी डोळे मिटले आणि वाक्य पुरं केलं. मागे पडले होते, पण पुरं केलं. तुमची बाजू सोडली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मी नीट वाचून घेतलं आहे, जुडिथबाईंकडूनही वाचून घेतलं.

पण त्याच्या आधी एक झालं. शपथेपूर्वी ते एकेका देशाचं नाव मोठ्याने घेतात आणि तिथून आलेल्यांनी उभं राहायचं असतं. मेक्सिको झालं, इराक झालं, युक्रेन झालं. मी हातात रुमाल पिळत बसले होते. आमचं नाव कोण घेणार? आम्ही कुठलेच नव्हतो. छावणीच्या कार्डावरसुद्धा आपण नुसते निर्वासित होतो.

मग त्या माणसाने वाचलं, "भूतान."

मी उभी राहिले. मागच्या रांगेत आणखी दोघं उभे राहिले, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर आपल्याकडची ढाका टोपी होती. कोणी विचारलं नाही, पावती आहे का? आमा कुठली? मागून हे टाळ्या वाजवत होते, एकटेच, फार जोरात.

नंतर जो कागद दिला त्यावर माझा फोटो आहे, चेहरा चोरासारखा आलाय. त्याखाली आधी कुठल्या देशाची नागरिक, अशी एक ओळ आहे, आणि तिथे भूतान छापलंय. सरकारी शिक्का मारून. दाजू, आपण तिथले होतो हे आजवर कोणत्याही सरकारने लिहून दिलं नव्हतं. ज्या कागदासाठी तुम्ही तिथे बसून राहिलात त्यातली एक ओळ मला परक्या गावात, परक्या भाषेत मिळाली. तुमच्यासाठी त्याची नक्कल सोबत पाठवतेय. भाउजूंना वाचून दाखवा. पहलमान दाजूलाही दाखवा, पण हातात देऊ नका.

पासपोर्टसाठी अर्ज टाकलाय. आला की मी येणार आहे. तुम्ही बोलावलं नाही तरी येणार. हाकलायचंच असेल तर दारातून हाकला, मी समोर उभी असताना, माझ्याकडे बघून. पत्रातून नको.

खोकल्यावर आल्याचा रस घ्या. भाउजूंना मिठी.

चिराङच्या हरिलालची मुलगी,
आणि तुम्ही म्हणा किंवा म्हणू नका, तुमची कान्छी,
कौशिला